दुबईची खोली आणि देवबागचा नाताळ

२५ डिसेंबर जवळ आला की आमच्या घरी पिशव्या भरल्या जातात त्या महाडला जाण्यासाठी. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृतीचे दहन केले. त्या स्मृतीला अभिवादन करण्यासाठी आमच्या मंडळाची बस दरवर्षी विक्रोळीहून निघते. बसच्या वर्गणीचा हिशेब ठेवण्याचे काम आमच्याकडे असते. कचेरीतला कारकून आणि त्यातून बी.कॉम., तेव्हा चार पैशांचा मेळ बसेपर्यंत आम्हाला झोप लागत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

२०२४ च्या डिसेंबरात मात्र आम्ही वही दुसऱ्या कार्यकर्त्याच्या हाती दिली आणि सांगितले, "यंदा आम्ही येत नाही. देवबागला चाललो."

"देवबागला काय?"

"नाताळ."

बैठकीत कुणी काही बोलले नाही. निघताना एक ज्येष्ठ कार्यकर्ते चपला घालता घालता एवढेच म्हणाले, "आपला दिवस सोडून दुसऱ्याचा सण?" आम्हाला त्या वेळी उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर समजावे.

गोष्ट सुरू होते ती दुबईत. आमचा थोरला २०२२ साली नोकरीसाठी तिकडे गेला. एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून लागला. करामा भागात एका खोलीत सहा माणसे राहतात. तिथे खोली भाड्याने घेणे आमच्यासारख्यांच्या मुलांना परवडत नाही, खाट भाड्याने घेतात. तिला 'बेडस्पेस' म्हणतात. दुमजली लोखंडी खाटा, खालच्या खाटेवर आमचा मुलगा आणि वरच्या खाटेवर मालवणजवळच्या देवबागचा एक ख्रिस्ती मुलगा. तो हॉटेलात कामाला. बाकीचे दोन केरळचे, एक नेपाळचा, एक फिलिपिन्सचा. पहिल्या महिन्यात आमच्या मुलाचा पगार लांबला तेव्हा या वरच्या खाटेवाल्याने त्याला जेवू घातले. मुलगा फोनवर सांगायचा, "पप्पा, आम्ही दोघे एकाच ताटात जेवतो."

हे ऐकले की आम्हाला बाबासाहेबांची आठवण होई. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा तिथल्या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांच्याबरोबर एका खोलीत राहिला. परक्या, गजबजलेल्या शहरात जडलेली ती मैत्री पुढे जन्मभर टिकली. अडीअडचणीला भथेनांनी पैशाचीही मदत केली. परदेशात एका खोलीत जे जमते ते आपल्या गावात का जमत नाही, हा प्रश्न आमच्या पिढीलाही पडतोच.

२०२४ च्या पावसाळ्यात देवबागच्या त्या मुलाचे वडील वारले. चार दिवसांच्या रजेवर तो येऊन गेला. बहीण लग्न होऊन कुवेतला. घरी आई एकटी. नाताळला रजा मिळणे शक्य नव्हते. दुबईत २५ डिसेंबरला सार्वजनिक सुटी नसते आणि हॉटेलवाल्यांना तर ते ऐन धंद्याचे दिवस. नोव्हेंबरात आमच्या मुलाचा फोन आला. "पप्पा, त्याची आई पहिल्यांदाच नाताळला एकटी असणार. तो रात्री झोपत नाही. तुम्ही तिघे जाल का?"

आम्ही लगेच 'हो' म्हटले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एक तर तारीख २५ डिसेंबर. दुसरे म्हणजे दुःखाच्या घरी अनोळखी माणसांनी जाऊन बसायचे कसे? आणि तिसरे कारण मनात होते, ते आम्ही पत्नीलाही सांगितले नाही. पण तिनेच ते बोलून दाखवले. "त्या बाईंना आपण कोण ते माहीत आहे का?"

आमचे मूळ गाव याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात, पण घाटाच्या पायथ्याला. आजोबा गिरणीत नोकरीला म्हणून मुंबईला आले. ते सांगत, लहानपणी मालवणच्या बाजाराला गेले की हॉटेलच्या बाहेर उभे राहून करवंटीतून चहा प्यावा लागे. म्हणून समुद्र एवढा जवळ असूनही आमच्या घरात मालवणचे नाव कुणी हौसेने घेतले नाही. शेवटी मुलाने सांगितले, "त्याला सगळे माहीत आहे. त्याच्या आईलाही." तेव्हा आम्ही तिकिटे काढली.

तरीही त्यांच्यावर भार नको म्हणून त्या भागातल्या एका राहण्याच्या ठिकाणी खोलीसाठी फोन केला. पलीकडून विचारले, "किती जण? आडनाव काय? मूळ गाव कुठले, वाडी कुठली?" आम्ही सांगितले. "थोड्या वेळाने फोन करतो," म्हणाले. केला, आणि खोली भरल्याचे सांगितले. नाताळचे दिवस, खोली खरेच भरली असेल. पण आमच्या लोकांना हा प्रश्न नुसता ऐकू येत नाही, तो आत उतरतो. पत्नी म्हणाली, "बरे झाले. आता सरळ त्यांच्याच घरी जाऊ. जे असेल ते तोंडावर कळेल."

२३ डिसेंबरच्या रात्री कोकणकन्या एक्स्प्रेसने निघालो. आरएसीचे तिकीट, एका बाकावर दोघे. दाराच्या बोळात, संडासाजवळ, वरच्या फळीवर, जिथे पाय ठेवायला जागा मिळेल तिथे माणसे. १९९८ साली कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला, त्याआधी हा प्रवास एस.टी.ने रात्रभर हाडे खिळखिळी करत, आणि त्याच्याही आधी आगबोटीने व्हायचा. बंदरात बोट लांब उभी राहायची आणि पडावात बसून किनारा गाठावा लागायचा. आता झोपेत कोकण येते. पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर धुके, भाताची कापलेली खाचरे आणि कौलांतून निघणारा धूर.

कुडाळला उतरून मालवणची एस.टी. धरली. वाटेत धामापूरचा तलाव लागतो. गर्द झाडीत निवांत पडलेले ते पाणी पाहून रात्रीचा शीण गेला. पण मालवण आले आणि निवांतपणा संपला. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, मुंबई, सगळीकडच्या गाड्या एकामागे एक. बाजारपेठेचा रस्ता तो केवढा, त्यात या गाड्या, मासळीच्या पाट्या, आणि 'स्कुबा', 'बोटिंग' असे ओरडत गिऱ्हाईक गाठणारी मुले. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याचे फळ म्हणा की भोग म्हणा, नाताळच्या आठवड्यात मालवणात दिसतो.

धक्क्यावर गेलो. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांच्या उपस्थितीत कुरटे बेटावर त्याची पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे, हे आम्ही शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो. पण बोटीसाठी एवढी मोठी रांग होती की संध्याकाळ तिथेच झाली असती. धाकटी हिरमुसली. किल्ला लांबूनच पाहिला आणि देवबागची रिक्षा केली.

तारकर्ली मागे पडली की जमीन अरुंद होत जाते. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी आणि मध्ये माडांची एक पट्टी. तिच्यावर देवबाग वसले आहे. टोकाला नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातले भोगवे दिसते. पावसाळ्यात समुद्र या पट्टीला दरवर्षी कुरतडतो, म्हणून किनाऱ्यावर काळ्या दगडांचे बंधारे घातले आहेत. वाटेत ख्रिस्ती घरे दिसू लागली. दारात क्रूस, तुळशीवृंदावनासारखाच ओटा बांधलेला, आणि प्रत्येक पडवीत कागदाची मोठी चांदणी. गोव्यातून पोर्तुगीज अमलात इकडे सरकलेल्या कुटुंबांचे हे वंशज. बोली मालवणी, जेवण मालवणी. सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ साली झाला, त्याचे मुख्य ठिकाण सावंतवाडीला आहे.

रिक्षा थांबली त्या घराला चांदणी नव्हती.

मावशी पडवीतच उभ्या होत्या. काळा झगा, पांढरे केस, पायात चप्पल नाही. आम्ही नमस्कार केला. त्यांनी आमच्या पत्नीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "इल्यात? बरां झालां गो बाय. ह्यां घर तुमचांच." मग धाकटीकडे पाहून, "ह्या तेचा भैण मां? नाक तसांच आसा." मुलाला त्यांनी फोनवरच पाहिले होते, पण नाक लक्षात ठेवले होते.

पाणी आले ते तांब्याभांड्यातून. मावशींनी स्वतः भरून दिले. आम्ही प्यालो. लहान गोष्ट आहे, पण आमच्या वाचकांना ती लहान वाटणार नाही.

ज्या घरात वर्षाच्या आत मृत्यू झाला आहे, तिथे नाताळला चांदणी लावत नाहीत, फराळाचे करत नाहीत, असा त्यांचा रिवाज. गोठाही मांडलेला नव्हता. मावशींचे यजमान रापणीवर जात. किनाऱ्यावरून ओढायच्या त्या मोठ्या जाळ्यावर अख्खी वाडी जगायची. पुढे पर्ससीन जाळ्याच्या यांत्रिक बोटी आल्या, त्यानंतर समुद्रात झगझगीत दिवे सोडून मासा गोळा करणे आले. पर्ससीनवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला २०१७ मध्ये केंद्राने बंदी केली. पण "कागदार बंदी, दर्यार उजेड," असे मावशी म्हणाल्या. रापणीचा वाटा कमी झाला आणि मुलाने दुबईची वाट धरली. आमच्या मुलाची वाट गिरणगाव संपल्यावर तिकडेच वळली. दोन वाटा वेगळ्या, खोली एक.

२४ च्या रात्री मावशींनी विचारले, "मिसाक येशात?" आम्ही म्हटले, "आम्ही बौद्ध. प्रार्थनेत सामील होणार नाही. पण तुम्हाला सोबत म्हणून येऊ." त्या म्हणाल्या, "सोबत व्हयीच. गुडघे धरतत."

चर्चचे अंगण भरलेले. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. प्रार्थना मराठीत होती, काही गीते कोंकणीत. पुढे गवताचा गोठा, त्यात मातीची गुरे, मेंढपाळ आणि बाळ. मावशी मिसा संपेपर्यंत एकदाही रडल्या नाहीत. बाहेर आल्यावर मात्र सगळे एकमेकांना मिठ्या मारू लागले, "हॅपी क्रिसमस" म्हणू लागले, तेव्हा त्या एका माडाला टेकून उभ्या राहिल्या. आमची धाकटी जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिली. काय बोलावे ते तिला सुचले नाही. तिने त्यांची पिशवी धरली, एवढेच.

तेवढ्यात फोन आला. दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तासाने मागे. दोन्ही मुले ऊद मेथा भागातल्या सेंट मेरीज चर्चबाहेर उभी होती. पडद्यावर माणसांचा समुद्र. दुबईचे शासक शेख रशीद यांनी दिलेल्या जागेवर १९६० च्या दशकात हे चर्च उभे राहिले. आज तिथे इंग्रजी, अरबी, मल्याळम, कोंकणी, टागालोग अशा कितीतरी भाषांत मिसा होते. नाताळच्या रात्री आत जागा मिळत नाही, लोक अंगणात आणि रस्त्यावर उभे राहतात. आमचा थोरला सांगत होता, "हा ड्युटीवरून थेट येणार होता. मी दोन तास आधी येऊन जागा धरली." मावशींचा मुलगा मध्येच म्हणाला, "आये, ह्यो बघ माझो जागेवालो!" आणि त्याने आमच्या मुलाच्या गळ्यात हात टाकला.

मग खोलीवरचा फोटो आला. खाटांच्या मध्ये एक मोठी चांदणी लटकलेली. बांबू तिकडे मिळेना, म्हणून झाडूच्या काड्या आणि पतंगाचा निळा-पांढरा कागद. आमच्या मुलाने केलेली. वस्तीत १४ एप्रिलला आणि बुद्धजयंतीला तो दरवर्षी आकाशकंदील करायचा, ती कला उपयोगी पडली. मावशी तो फोटो बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "हय नाय लावली, थय लागली. तेंका कळतला." 'तेंका' म्हणजे कुणाला, हे आम्ही विचारले नाही.

२५ च्या सकाळी शेजारून ताटे येऊ लागली. क्रोशाच्या रुमालाने झाकलेली. नेवऱ्या, कुलकुल, काळाभोर दोदोल, केकचे तुकडे. दुखवट्याच्या घरी करत नाहीत म्हणून शेजारी आणून देतात. मोजून सात ताटे आली. ताट रिकामे परत करायचे नाही हा आपल्याकडचा रिवाज तिथेही आहे, पण मावशींना काही करता येत नव्हते. आमच्या पत्नीने मुंबईहून रव्याचे लाडू आणले होते. ती म्हणाली, "मावशी, यात आमचे लाडू घातले तर चालेल?"

मावशी क्षणभर थांबल्या. आमचा जीव टांगणीला. मग म्हणाल्या, "माजां काय घालूचां नाय. तुमचां चालात. चालात कित्याक, व्हयां." आणि धाकटीच्या हाती ताटे देऊन त्यांनी तिला घरे दाखवली.

आम्ही पडवीत बसून पाहत होतो. खरे सांगायचे तर कारकुनाच्या नजरेने मोजत होतो. एका घरी ताट दारातच घेतले, लाडू कुणी खाल्ले ते दिसले नाही. त्याचा काही अर्थ असेल वा नसेल. एका घरी धाकटीला आत बोलावून बसवले. एका घरातला पाच-सहा वर्षांचा मुलगा लाडू खातच तिच्यामागून आला आणि पत्नीपुढे हात पसरून उभा राहिला. त्याला अजून एक हवा होता. पत्नीने त्याला दोन दिले.

दुपारी जेवणाला सान्नां आणि कोंबडीचे सुके. माडाच्या सुरेवर फुगवलेल्या तांदळाच्या त्या पांढऱ्याशुभ्र सान्नां पाहून धाकटीने इडली म्हटले आणि मावशी हसल्या. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी आमच्यापुढे कोकमाचे सरबत ठेवले. दारू आम्ही घेत नाही, हे मुलाने आधीच कळवून ठेवले होते.

संध्याकाळी तेर्स म्हणून झाली, दिवा लागला. आम्ही सगळे पडवीत बसलो. या वेळेला दरवर्षी आम्ही महाडहून परतीच्या बसमध्ये असतो. मावशींच्या ते लक्षात होते. मुलाने सांगितले असणार. त्यांनीच विचारले, "आज तुमचो पण दिवस मां? काय जाला तेव्हा?"

आम्ही सांगितले. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब प्रतिनिधींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. धरमतरहून मोटारीने जायचे तर मोटारवाल्यांचा भरवसा नव्हता. म्हणून समुद्रमार्गे दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. परिषदेला जागा द्यायला महाडचा कुणी हिंदू तयार होईना. आणि रात्री, माणसाला माणूस न मानणारा तो ग्रंथ जाळला. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

मावशी कोळीण. बोटीचे ऐकल्यावर त्यांनी वारा कुठला असेल ते आधी सांगितले. मग विचारले, "मगे जागा कोणी दिल्यान?"

"फत्तेखान म्हणून एका मुसलमान गृहस्थांनी."

"आणि दुबयक चर्चीक जागा शेखान दिल्यान," त्या म्हणाल्या. "सायबाक तरी खय गावली होती? आवय नि बापूस दारोदार फिरले. गोठ्यातच जल्मलो मां तो."

इथे आमच्या धाकटीने एक गोष्ट काढली. ती कॉलेजात आहे, वाचन चांगले आहे, पण कुठे काय बोलावे ते अजून कळत नाही. तिने बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधला बडोद्याचा प्रसंग सांगितला. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. राहायला कुणी जागा देईना म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. ते उघड झाल्यावर लाठ्या घेऊन जमाव आला. त्यांनी दोन मित्रांना आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तुला घेतले तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती. तो म्हणाला, पत्नीला विचारावे लागेल. त्यांचे घराणे मूळचे ब्राह्मण, पत्नी जुन्या वळणाची. बाबासाहेब समजायचे ते समजले. परदेशात शिकून आलेला एवढा विद्वान माणूस, पण बडोद्यात त्याला रात्र काढायला जागा नव्हती.

पडवीत शांतता पसरली. आम्ही धाकटीकडे डोळे वटारले. ज्यांच्या घरचे मीठ खाल्ले, त्यांच्यापुढे हे बोलायची गरज होती का?

मावशींनी कंदिलाची वात खालीवर करावी तसा पदर बोटाला गुंडाळला आणि सोडला. मग म्हणाल्या, "त्या बायलेन वायट केल्यान." थोड्या वेळाने पुन्हा, "खोटां कित्याक सांगू? आमच्यात पण आसा तां. बामण, चार्दो, सुदीर. लग्नाच्या वक्ताक अजून इचारतत. माज्या लग्नात इचारलेले." आणि मग धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून, "सांगलंस तां बरां केलंस. वायट ता सांगूक व्हयां."

आम्ही वीस-बावीस वर्षे भाषणे करतो. २५ डिसेंबरचा अर्थ लोकांना समजावून सांगतो. पण दुसऱ्या समाजातल्या माणसाने आपल्याच घरातली घाण स्वतःच्या तोंडाने अशी सरळ कबूल केल्याचे आम्ही फार कमी वेळा ऐकले आहे. आपल्याही समाजात पोटजातींचे प्रश्न लग्नाच्या बैठकीत हळूच विचारले जातात. ते आपण इतक्या सरळ कबूल करतो का? आम्ही मनाशी विचारले आणि गप्प बसलो.

२६ च्या पहाटे मावशींनी उठवले. "रापण लागली हा. येवा." किनाऱ्यावर गेलो. होडीने जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडले होते, आणि त्याच्या दोन टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा ओढत होत्या. हिंदू, ख्रिस्ती, म्हातारे, पोरे. काही पर्यटक फोटो काढत होते. आम्हीही दोर धरला. ओला दोर तळहात सोलतो. पाऊण तास ओढल्यावर जाळे किनाऱ्याला आले. तारली, थोडे बांगडे, बाकी शेवाळ. पूर्वीच्या मानाने काहीच नाही, असे सगळे म्हणाले. तरी वाटणी झाली. वाटणी करणारा आमच्यापुढे चार बांगडे टाकून पुढे गेला. आम्ही म्हटले, "आम्ही पाहुणे." तो मागे न पाहता म्हणाला, "दोर वडलास मां? मगे वाटो घे." आडनाव त्याने विचारले नाही. तिथे तशी पद्धतच नाही.

निघताना आम्ही मावशींना पुढच्या वर्षी महाडला चला म्हटले. त्या म्हणाल्या, "गुडघे धरतत. माका डोंगर नि पायऱ्ये झेपणत नाय." मग आत जाऊन शंभराची नोट घेऊन आल्या. "पण ह्यां त्या बसीक घाला."

पावतीशिवाय पैसे घ्यायचे नाहीत असा आमचा नियम आहे. पावतीपुस्तक मुंबईला होते. विक्रोळीला पोहोचल्यावर पहिल्या दिवशी पावती फाडली आणि टपालाने देवबागला पाठवली.

महिन्याअखेर मंडळाची बैठक झाली. हिशेब वाचताना ते ज्येष्ठ कार्यकर्ते एका ओळीवर थांबले. "देवबाग, रुपये १००. हे कोण?" आम्ही तांब्याभांड्यापासून रापणीपर्यंत सगळे सांगितले. ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी चष्मा पुसला, वही पुढे ओढली आणि हिशेबाखाली सही केली.